पोळ्याच्या दिवसाचा परवाना

आमचे शेजारी नथ्थूजी लांजेवार जीप थांबवताना आधी तोंडाने "हो... होऽ..." म्हणत आणि मग ब्रेक दाबत. या दोन क्रियांमध्ये इतका वेळ जाई की मागे बसलेल्या माणसाला तेवढ्यात आपल्या पश्चात घरच्यांचं काय होईल याचा नीट विचार करून घेता येई. कधीकधी नुसत्या "होऽ"वरच जीप थांबेल असं त्यांना मनापासून वाटे, आणि मग ब्रेकची आठवण समोरच्या कुंपणाला करून द्यावी लागे. कुंपण बहुतेक वेळा आमचंच असे.

नागपूरच्या नंदनवन वस्तीत तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. आमच्या गल्लीची एकूण वाहनसंपत्ती म्हणजे सात-आठ सायकली, एका वकिलाची बंद पडलेली स्कूटर आणि नथ्थूजींची जीप. जीप लढाईतली होती. महायुद्ध संपल्यावर कामठीच्या छावणीत लष्कराने जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यातली ही एक. तिने कुठल्या आघाडीवर काय पाहिलं असेल ते देव जाणे, पण नथ्थूजींच्या हाती आल्यापासून तिने वेग म्हणून काही पाहिला नव्हता. एकदा जरीपटक्याच्या बाजारातून जाताना एक फुटाणेवाला आमच्या बाजूने चालत होता. त्याने चालता चालता मला पुडी बांधून दिली, सुटे नाहीत म्हणून दोन दुकानांत विचारून आला, आणि तरीही तो आमच्या पुढेच होता.

नथ्थूजी तिला जीप म्हणत नसत आणि गाडीही म्हणत नसत. ते 'जनावर' म्हणत. सकाळी उठल्यावर स्वतःच्या चहाआधी जनावराला पाणी, म्हणजे रेडिएटरमध्ये दोन तांबे. संध्याकाळी शेतातून आले की चाकं धुणार, बॉनेटवरून ओला फडका फिरवणार, आणि तिला कडुनिंबाच्या सावलीत सडकेकडे तोंड करून उभी करणार. इंजिन सुरू झालं नाही की ते "आज जनावर कान पाडून आहे" असं सांगत आणि तिला तासभर तशीच राहू देत. तासाभराने ती सुरू होई, हे मात्र मला मान्य करावं लागेल. माझ्या ऑफिसातल्या माणसांवर मी हा उपाय करून पाहिला आहे, तो लागू पडला नाही.

दिसायला नथ्थूजी म्हणजे काठीला धोतर गुंडाळावं तसे. डोक्याला काळी टोपी, अंगात बंडी, आणि पायात, जीपबरोबर फुकट मिळाले की काय कोण जाणे, लष्करी बूट. कन्हानच्या पलीकडे त्यांचं गाव होतं, तिथे थोडी शेती होती. पुतण्याला नागपुरात नोकरी लागली म्हणून ते त्याच्याकडे राहायला आले होते. बायको फार वर्षांपूर्वी गेली एवढंच गल्लीला ठाऊक होतं. मूलबाळ नव्हतं. जीपवरच्या त्यांच्या प्रेमाचा गल्लीने त्यावरूनच काय तो निष्कर्ष काढलेला होता.

दुसरी त्यांची भक्ती कायद्यावर. गाडी चालवण्याचा परवाना ते बिस्किटांच्या डब्यात, मेणकापडात गुंडाळून ठेवत आणि जीप बाहेर काढताना तो डबाच बरोबर घेत. सक्करदऱ्याच्या चौकात पोलीस उभा दिसला की त्याने काही विचारायच्या आत हे जीप थांबवत, डबा उघडत, मेणकापड सोडत आणि परवाना त्याच्या हातात देत. मागे सायकलरिक्षांची रांग लागे. पुढे पुढे तो पोलीस लांबून जीप दिसली की पानठेल्यामागे जाऊन उभा राहू लागला. नथ्थूजी तिथेही जाऊन त्याला परवाना दाखवत. कुणी हसलं तर म्हणत, "कायदा आहे नं जी. मंग झालं."

आता थोडं माझ्याविषयी, कारण पुढच्या गोष्टीत माझा हात आहे. मी एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो. गल्लीतल्या लोकांचे सगळे अर्ज माझ्याकडे येत. मला त्याचा गर्व होता. माझ्या अर्जाला नकार येत नसे असं नाही, पण नकार देणाऱ्यालाही दोनदा वाचावं लागे. शिवाय मी जन्माने नागपूरच्या जुन्या महाल भागातला, म्हणजे अस्सल शहरी. पोळा म्हटला की मला आठवे तो तान्हा पोळा, चाकं लावलेला लाकडी बैल आणि बैल घेऊन दारी आलं की मिळणारा खाऊ. खऱ्या बैलांचा पोळा मी सेहेचाळीस वर्षांत एकदाही पाहिलेला नव्हता.

तर त्या साली परवान्याच्या ऑफिसात नवं परिपत्रक आलं. पासष्टी ओलांडलेल्या माणसाला परवान्याचं नूतनीकरण करायचं असेल तर त्याने डॉक्टरचा दाखला आणायचा आणि साहेबांसमोर प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवायची. नथ्थूजी तेव्हा अडुसष्टचे होते. नियम ऐकून ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, बरोबर आहे, बैलाचेही दात पाहूनच घेतात.

डॉक्टरकडे मीच त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरच्या भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता होता आणि नथ्थूजींना मराठीचीच अक्षरं बेताने येत. डॉक्टर विचारात पडले. तेवढ्यात नथ्थूजी खिडकीतून बाहेर बघत म्हणाले की तो पार तिकडे वळणावर बैल उभा आहे ना, त्याचं डावं शिंग टोकाला मोडलं आहे, आणि त्याला उजव्या मागच्या पायाला नाल मारायला हवी. डॉक्टरांना बैलच दिसत नव्हता. त्यांनी कंपाउंडरला धाडलं. कंपाउंडर धापा टाकत परत आला आणि दोन्ही गोष्टी खऱ्या असल्याचं त्याने सांगितलं. डॉक्टरांनी तिथल्या तिथे दाखला लिहून दिला आणि स्वतःचा चष्मा पुसायला घेतला.

दाखला जोडून अर्ज गेला आणि चाचणीची तारीख आली. ती कागदावर पाहून नथ्थूजी संध्याकाळी माझ्या ओसरीत येऊन बसले.

"बाबू," ते म्हणाले, "मले दुसरी तारीख पाहिजे. ह्या दिवशी पोळा आहे."

मी म्हटलं, मग काय झालं, सकाळी अर्ध्या तासाचं तर काम. त्यांनी मान हलवली.

"पोळ्याच्या दिवशी जनावर गावात उभं पाहिजे गा, तोरणापाशी. दिवसभर. तिथून हलवता येत नाही."

हे ऐकून मला आतून जो आनंद झाला तो मी लपवला. दरवर्षी पोळ्याच्या दिवशी ते पहाटेच जीप घेऊन गावी जात हे गल्लीला माहीत होतं. त्या दिवशी पुतण्याची बायको जरी आजारी पडली तरी जीप मिळणार नाही असंही आम्ही म्हणत असू. पण हा माणूस गावातल्या बैलांच्या रांगेत तोरणाखाली जीप उभी करतो, हे आज मला त्यांच्या तोंडून कळत होतं. बंपरला बेगड लावत असतील, हेडलाइटच्या मधोमध कुंकू, टायरला हळद. मला ते सगळं डोळ्यांपुढे दिसू लागलं.

आधी आम्ही रीतसर ऑफिसात जाऊन विचारलं. तिथल्या कारकुनाने तोंडातलं पान गालात सरकवून शांतपणे समजावलं की म्हाताऱ्यांची चाचणी महिन्यातून एकदाच होते. नथ्थूजींचा परवाना नेमका पोळ्याच्या तारखेलाच संपतो. त्या दिवशी चाचणी दिली नाही तर परवाना रद्द, आणि मग पहिल्यापासून सगळं, शिकाऊ म्हणून लाल अक्षराची पाटी लावून. मी विचारलं की पोळ्याला सुटी नसते का. कारकून म्हणाला, पोळ्याला नाही, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला असते. म्हणजे नागपुरात लाकडी बैलाला सरकारी सुटी होती आणि खऱ्या बैलाला नव्हती. तारीख बदलून मिळण्याची कारणं त्याने भिंतीवर दाखवली. स्वतःचं आजारपण, जवळच्या माणसाचा मृत्यू, न्यायालयाचं बोलावणं. यातलं काही आहे का, असं त्याने विचारलं. नथ्थूजी त्या यादीकडे बराच वेळ बघत राहिले. मग नाही म्हणाले.

आता राहिला अर्ज. तो मी लिहिला, आणि आजवर लिहिलेल्या अर्जांत तो सर्वांत फर्मास होता असं मला तेव्हा वाटत होतं. 'अर्जदाराचे वाहन हे अर्जदाराच्या श्रद्धेनुसार बैल या सदरात मोडत असल्याने, व पोळ्याच्या दिवशी सदर बैलाने गावच्या तोरणाखाली उपस्थित राहणे परंपरेने बंधनकारक असल्याने, त्यास त्या दिवशी चाचणीकामी जुंपणे उचित होणार नाही,' अशी त्याची सुरुवात होती. पुढे शेपटीविषयीही एक वाक्य होतं, ते मी नंतर काढलं. नथ्थूजींना मी अर्ज वाचून दाखवला आणि कारण बरोबर आहे ना असं विचारलं. काही सांगावं असं त्यांच्या मनात आलं असावं, पण ते एवढंच म्हणाले की तुले जसं वाटते तसं लिही, तू शिकलेला आहेस. आणि त्यांनी सही केली.

चार दिवसांनी उत्तर आलं. ते मी जपून ठेवलं आहे. 'वाहन बैल असल्यास त्यास परवान्याची आवश्यकता नाही. वाहन बैल नसल्यास पोळ्याचे कारण ग्राह्य धरता येत नाही. सबब अर्ज निकाली.' सरकारी नोकरीत मी अनेक शेरे वाचले, अनेक लिहिले. यात मात्र एक शब्द इकडचा तिकडे करण्यासारखा नव्हता. मला माझी बरोबरी करणारा माणूस भेटला होता. माझा अर्ज त्या ऑफिसात चहाच्या वेळी मोठ्याने वाचला गेला असं पुढे कळलं. त्या दिवसांत माझा वट फार वाढला.

नथ्थूजींनी उत्तर ऐकलं, घडी घालून बिस्किटांच्या डब्यात ठेवलं आणि ते जीपची चाकं धुवायला गेले. मी म्हटलं, नथ्थूजी, एक वर्ष पोळा चुकला तर काय होतं, परवाना जाईल. ते म्हणाले, "जाईल तं जाईल. पोळ्याच्या दिवशीपर्यंत तं आहे नं."

मग मी काय केलं, तर पोळ्याच्या दिवसाची किरकोळ रजा टाकली. कारण लिहिलं 'घरगुती'. खरं कारण असं की जीपचा पोळा डोळ्यांनी पाहून ऑफिसात सांगायचा होता. मी बरोबर येतो म्हटल्यावर नथ्थूजींना आश्चर्य वाटलं, पण आनंदही झाला. इतक्या वर्षांत त्यांच्याबरोबर पोळ्याला कुणी गेलेलं नव्हतं.

पहाटे निघालो ते कामठी, कन्हानचा पूल आणि मग चिखलाचा रस्ता असं करत दहाच्या सुमारास गावात पोचलो. गाव सजलं होतं. दारोदारी सडा-रांगोळी, अंगणात बैल धुणं चाललेलं. चौकात दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. नथ्थूजींनी त्या तोरणापासून पंधरा-वीस हातांवर, वडाखाली, जीप वळवून गावाबाहेर जाणाऱ्या वाटेकडे तोंड करून उभी केली. स्टिअरिंगचं चाक हातात धरून ते बसले. मी वाट पाहत होतो की आता पिशवीतून बेगड निघेल, कुंकू निघेल. काही निघालं नाही. जीपला साधा झेंडूचा हारसुद्धा घातला नाही.

बारा वाजले, एक वाजला. लोक येत, नथ्थूजींना रामराम करत, बसा म्हटलं तर बसत नसत, सण होता. कुणाच्या तरी घरून पुरणपोळीचं ताट आलं. माझं मी पारावर बसून रीतसर तीन पोळ्यांनी उरकलं. नथ्थूजींनी सीटवर बसल्या बसल्याच दोन घास खाल्ले. दोनदा त्यांनी इंजिन सुरू करून पाहिलं आणि बंद केलं. गावात एक ट्रॅक्टर आला होता, त्याच्या मालकाने त्यालाही हार घालून, कुंकू लावून अंगणात उभा केला होता, आणि बैलांबरोबर आज त्यालाही सुटी होती. मी मनाशी म्हटलं, हा माणूस खरा माझ्या अर्जाचा अर्जदार. आणि आमचा अर्जदार मात्र साध्या कपड्यांतली जीप घेऊन बसला आहे.

तीनच्या सुमारास बैल तोरणाखाली यायला लागले. शिंगांना रंग, अंगावर झुली, खांदे हळदीने पिवळे. माणसं झडत्या, म्हणजे पोळ्याची तालावरची कवनं, म्हणू लागली. दिवस मावळताना तोरण तुटून बैल सुटले की पोळा फुटणार होता. मी नथ्थूजींना म्हटलं, चला, उतरा, जवळून पाहू. ते हलले नाहीत. मी जरा चेष्टेच्याच सुरात विचारलं की तुमचं जनावर रांगेत का नाही लावत.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेष्टा त्यांना कळली होती. बहुधा अर्जातलीही कळली होती.

"बाबू, आज ह्या गावात एक बी बैल जुंपत नाही. हे तुले माहीत आहे?"

मी हो म्हटलं.

"मंग आज कोणाले दवाखान्यात न्याचं असलं तं कशात न्याचं?"

आणि मग त्यांनी, तोरणाकडे पाठ आणि वाटेकडे तोंड अशा त्या जीपमध्ये बसून, मला सगळं सांगितलं. त्यांचं लग्न झालं त्याच्या तिसऱ्या वर्षी बायकोला दिवस गेले होते. तिचं नाव सरूबाई. आठवा महिना चालू होता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, पळसाच्या पानाने लोणी आणि हळद चोळून ते मळतात, उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण देतात. ते सगळं तिने केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, आणि त्या बऱ्या नव्हत्या. सुईण म्हणाली, कामठीला न्या. घरची बैलजोडी धुऊन, सजून दारात उभी होती.

"कोणी अडवलं नव्हतं गा," नथ्थूजी म्हणाले. "माय म्हणे, जुंप. पाटील म्हणे, जुंप बापा, देवाले का समजत नाही. मीच नाही म्हटलं. हळद लावलेल्या खांद्यावर जू कसं ठेवू? तिनंच लावलेली हळद. म्हटलं पोळा फुटू दे, लगेच निघू. ती बी म्हणाली, काढीन कळ तोपर्यंत."

मी तोरणाखालच्या पिवळ्या खांद्यांकडे वळून पाहिलं.

"काढली नं तिनं. पोळा फुटेपर्यंत काढली."

पोळा फुटल्यावर त्यांनी गाडी जुंपली. कन्हानचा पूल यायच्या आधीच ती गेली. मूल पोटातच होतं. त्यानंतर त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही, ती बैलजोडी मामाला देऊन टाकली, आणि कामठीच्या छावणीत लिलाव होणार असं कळलं तेव्हा गाडी चालवायला येत नसतानाही जाऊन जीप घेतली. तेव्हापासून दर पोळ्याला ते सकाळपासून पोळा फुटेपर्यंत इथे उभे राहत. तीस वर्षांत तीन वेळा जीप लागली होती. एकदा साप चावला म्हणून, एकदा बैलाने मारलं म्हणून. तिसऱ्यांदा एक बाळंतीण होती. ती कामठीला नीट बाळंत झाली, आणि तेव्हाचा तो मुलगा आता विशी ओलांडलेला, तिकडे तांबड्या बैलांची जोडी धरून उभा होता. नथ्थूजींनी मला तो बोटाने दाखवला. त्याला हे ठाऊक आहे का असं मी विचारलं, तर म्हणाले की असेल, आईने सांगितलं असेल, आपण कशाला सांगायचं.

मी जीपमधून उतरलो आणि वडाच्या मागे जाऊन उभा राहिलो. मला माझा अर्ज आठवत होता. 'बैल या सदरात मोडत असल्याने.' त्यातला एकेक शब्द, स्वल्पविरामासकट. तीन कारणांची ती भिंतीवरची यादी आठवली आणि तिच्याकडे बघत उभे राहिलेले नथ्थूजी आठवले. जवळच्या माणसाचा मृत्यू हे कारण यादीत होतं. ते तीस वर्षं जुनं असेल तर चालेल का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मीच पहिला हसलो असतो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दिवस मावळताना पोळा फुटला. बैल धावले, पोरं धावली, धुरळा उडाला. नथ्थूजींनी चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाले, कोणाले लागली नाही, बरं झालं. परत येताना अंधारू लागल्यावर ते मला विचारत होते की समोर काय येतंय, सायकल की रिक्षा. मी सांगत होतो. डॉक्टरला दिसलेली नजर दिवसाची होती, संध्याकाळची नव्हती. हे त्यांना ठाऊक होतं. साहेबांनी नापास केलं असतं तरी चूक नसती, फक्त पोळ्याच्या सकाळी नापास झालो असतो तर तिथे कोण उभं राहिलं असतं, असं ते म्हणाले. नंदनवनात जीप कडुनिंबाखाली उभी करून त्यांनी किल्ली काढली आणि परवान्यासोबत बिस्किटांच्या डब्यात ठेवली. कायद्याने तो दिवस अजून संपलेला नव्हता, पण त्यांनी परत जीपला हात लावला नाही.

पुतण्या जीप भंगारात काढायचं म्हणू लागला. मी त्याला म्हटलं, वर्षभर थांब. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी लाल अक्षराची पाटी लावून जीप शिकायला निघालो, आणि माझ्या शेजारी बसून नथ्थूजी "हो... होऽ..." म्हणत मला शिकवू लागले. गल्ली खिडक्यांतून पाहत होती. बायकोने आमच्या कुंपणाला तारा लावून घेतल्या. वहिवाटीप्रमाणे मी ते पहिल्याच आठवड्यात पाडलं. परवान्याच्या ऑफिसात गेलो तेव्हा तोच पान खाणारा कारकून होता. मला ओळखून त्याने हसत विचारलं की वाहन काय लिहू, बैल का. मी त्याला खुर्ची ओढून सगळं सांगितलं. त्याने पान थुंकलं, माझा फॉर्म स्वतः भरला आणि चाचणीची तारीख देताना आधी कॅलेंडरात पोळा कधी आहे ते पाहून घेतलं.

दुसऱ्या वर्षी पोळ्याला जीप मी नेली. वडाखाली वळवून वाटेकडे तोंड करून उभी केली, चाक धरून बसलो. नथ्थूजी माझ्या शेजारी, सवयीने सरळ ताठ. तीन वाजले, बैल तोरणाखाली आले. मी म्हटलं, नथ्थूजी, मी आहे ना बसलेला. तुम्ही जा.

ते लगेच उतरले नाहीत. दोनदा माझ्याकडे पाहिलं, एकदा इंजिनकडे पाहिलं. मग हळूच पाय खाली टाकले आणि तोरणाकडे गेले. गर्दीने वाट दिली. तांबडी जोडी धरून उभ्या असलेल्या त्या तरुणापाशी ते थांबले. एका बैलाच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि तो तिथून काढलाच नाही. मी पंधरा-वीस हातांवर होतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"खांदा कोणं मळला गा ह्याचा?"

"माह्या घरचीनं, काकाजी."

नथ्थूजींनी बोटांनी ती हळद, ते लोणी पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं.

"चांगला मळला बापा. तिले सांगजो." मग ते त्याला म्हणाले, "अन् तिले काही लागलं कधी, तं जुंपजो. आजचा दिवस असला तरी जुंपजो."